सत्तरच्या दशकातल्या प्रादेशिक बातम्यांचे कागद कुठे आहेत? आकाशवाणीला खुलं पत्र

प्रति,
मुख्य कार्यकारी अधिकारी, प्रसार भारती;
महासंचालक, आकाशवाणी;
आणि महाराष्ट्रातल्या प्रादेशिक वृत्तविभागांचे प्रमुख यांस,

स. न. वि. वि.

एक साधा प्रश्न विचारायचा आहे. १९७० ते १९७९ या दहा वर्षांत महाराष्ट्रातल्या आकाशवाणी केंद्रांवरून रोज ज्या प्रादेशिक बातम्या दिल्या गेल्या, त्यांचे हाताने लिहिलेले किंवा टाइप केलेले कागद आज आहेत का? असतील तर कुठे, किती आणि कोणाच्या ताब्यात? ध्वनिफितींबद्दल मी विचारत नाही. त्या फारशा नसणार, हे गृहीत धरलं आहे. बातमीपत्र थेट वाचलं जायचं, टेप महाग होती आणि वापरलेली टेप पुसून पुन्हा वापरायची रीत होती. त्यात कोणाचा काही डाव होता असं मला वाटत नाही. कालची बातमी आजच्या बातमीला जागा करून द्यायची, इतकंच. कागदाचं मात्र वेगळं होतं. स्टुडिओत वाचलेलं प्रत्येक वाक्य आधी कागदावर उतरलेलं असायचं, त्यावरून संपादकाची लेखणी फिरलेली असायची आणि वाचून झाल्यावर ते कागद टाचून फायलीला लागायचे. त्या फायलींची चौकशी करायला हे पत्र आहे.

खुलं पत्र लिहायची वेळ आली, कारण साधी पत्रं लिहून झाली. काहींची पोच आली, काहींची तीही नाही. एका कार्यालयात मी स्वतः जाऊन आले. तिथले कर्मचारी सज्जन होते, चहाही मिळाला. पण मी काय मागते आहे हेच त्यांना बराच वेळ उमगेना. गाण्यांच्या ध्वनिमुद्रिका हव्यात का, नाटकं हवीत का, एखाद्या पुढाऱ्याचं भाषण हवं का, असं ते विचारत राहिले. पन्नास वर्षांपूर्वीच्या बातम्या कोणाला कशाला हव्या असतील? शेवटी कळलं ते असं, की इमारतीची डागडुजी निघाली तेव्हा बरेच गठ्ठे हलवले गेले आणि ते पुढे कुठे गेले हे सांगणारा माणूस आता नोकरीत नाही.

मी इतिहास शिकवून निवृत्त झाले. सध्या एका दुष्काळी तालुक्याचा सत्तरच्या दशकातला इतिहास लिहिते आहे. म्हणजे ज्या काळाबद्दल बोलते आहे, तो मी रेडिओच्या पलीकडच्या बाजूने, ऐकणाऱ्यांत बसून काढला आहे.

आकाशवाणीच्या आठवणी काढण्याची आपल्याकडे सध्या मोठी हौस आहे. वॉल्टर काउफमान यांनी बांधलेली ती पहाटेची संकेतधून तर लोकांच्या मोबाइलवर वाजते. ‘सुधा नरवणे आपल्याला बातम्या देत आहेत’ हे शब्द उच्चारले की पन्नाशीपुढच्या कोणाही मराठी माणसाचा चेहरा बदलतो. मलाही ते आवडतं. पण कोण वाचत होतं हे आपल्याला पाठ आहे, आणि काय वाचलं हे विचारलं तर सगळे गप्प. धून, आवाज, उच्चार, घड्याळ लावण्याची सवय, सगळं जपलं. मजकूर तेवढा सुटला. लोकांनी स्वयंपाकघरातून, ओट्यावरून, चावडीवरून जे ऐकलं आणि खरं मानलं, त्यावर विश्वास ठेवून जे निर्णय घेतले, ते नेमकं काय होतं हे आज कागदावर दाखवता येत नाही.

तो काळ न पाहिलेल्यांसाठी थोडं सांगते. मुंबईला दूरदर्शन सुरू झालं ते २ ऑक्टोबर १९७२ रोजी, आणि मुंबई-पुण्याचा पट्टा सोडला तर उरलेल्या महाराष्ट्राच्या दृष्टीने ते असून नसल्यासारखं होतं. वर्तमानपत्र तालुक्याच्या गावी एसटीने यायचं. पावसाळ्यात रस्ता तुटला की दोन-तीन दिवसांचे अंक एकदम यायचे. गावात फोन असलाच तर पोस्टात. अशा वेळी ट्रान्झिस्टर हे एकच साधन असं होतं की ज्यावर गडचिरोलीकडच्या आणि सावंतवाडीकडच्या माणसाला एकाच मिनिटाला एकच गोष्ट कळू शकत होती. त्यासाठी लोक पोस्टात जाऊन वर्षाचे लायसन्सचे १५ रुपये भरत, पासबुकासारख्या वहीत तिकिटं लावून घेत. म्हणजे ही सेवा फुकट नव्हती. आम्ही वर्गणीदार होतो म्हणा ना.

जाळंही तेव्हा वाढत होतं. मुंबई जुनीच, १९२७ची. नागपूर १९४८चं, पुणे १९५३चं. सांगली १९६३ला आलं, परभणी १९६८ला. सत्तरच्या दशकात जळगाव (१९७६) आणि रत्नागिरी (१९७७) यांची भर पडली. घाटाखालच्या गावांत मध्यमलहरींवर दिवसा खरखरच जास्त यायची. रत्नागिरी केंद्र सुरू झाल्यावर तिथल्या लोकांना बातम्या पहिल्यांदा स्वच्छ ऐकू आल्या, हे त्या भागातल्या वयस्क माणसांकडून मी वारंवार ऐकलं आहे. मोठ्या केंद्रावरचं बातमीपत्र बाकीची केंद्रं सहक्षेपित करत, म्हणजे त्याच वेळी आपल्याकडूनही ऐकवत. त्यामुळे एका खोलीत चार-पाच माणसांनी बसून तयार केलेली दहा मिनिटं कोट्यवधी लोकांपर्यंत जात.

त्या खोलीत काम केलेल्या काही निवृत्त मंडळींशी मी बोलले आहे. टेलिप्रिंटरवर बातम्या इंग्रजीत यायच्या. जिल्ह्यांतून अंशकालीन वार्ताहर तारेने किंवा ट्रंक कॉल लावून मजकूर द्यायचे. हे वार्ताहर बहुधा गावातले वकील, शिक्षक किंवा एखाद्या स्थानिक पत्राचे संपादक असत. मानधन किरकोळ, पण गावात मान मोठा. ट्रंक कॉल लागायला तास लागायचा आणि लागल्यावर पलीकडून शब्द नीट कळायचा नाही, म्हणून गावांची नावं अक्षरं फोडून सांगायची. मग मराठी. एक बातमी एका कागदावर, कागदाच्या एकाच बाजूला, ओळींत भरपूर अंतर सोडून लिहायची. असं का, तर शेवटच्या क्षणी एखादी बातमी काढावी किंवा वर घ्यावी लागली तर पुन्हा लिहीत बसायला नको. निवेदक पेन्सिलने श्वासाच्या जागा आखून घ्यायचे. कधी लाल दिवा लागल्यानंतरही कोणी दबक्या पावलांनी आत येऊन एक कागद टेबलावर सरकवायचं आणि निवेदकाने तो न अडखळता वाचायचा.

या तपशिलात मला कामाची गोष्ट दिसते ती अशी, की त्या कागदावर फक्त अंतिम मजकूर नव्हता. खोडलेली ओळ होती. समासात लिहिलेलं नाव होतं. काढून ठेवलेलं पान होतं. छापलेल्या वर्तमानपत्रात हे काही उरत नाही. बातमीपत्राच्या मूळ कागदावर मात्र निर्णय घेणाऱ्याचा हात दिसतो.

आता बहात्तरचा दुष्काळ घ्या. माझं काम त्यावरच अडलं आहे. ही आपत्ती दस्तऐवजांच्या दृष्टीने गरीब नाही. विधिमंडळातल्या चर्चा छापील आहेत. सरकारी अहवाल आहेत. रोजगार हमी योजनेवर तर देशोदेशीच्या अभ्यासकांनी लिहिलं, कारण पुढे १९७७चा कायदा त्यातूनच उभा राहिला. १९७३च्या उन्हाळ्यात दुष्काळी कामांवरच्या मजुरांची संख्या पन्नास लाखांच्या आसपास गेली होती, हेही नोंदलेलं आहे. पण त्या पन्नास लाखांना काम कुठे निघालं, मजुरी कधी वाटणार, मिलोची लाल ज्वारी रेशनवर कधी येणार, सुखडी, म्हणजे तेव्हा वाटला जाणारा पौष्टिक खाऊ, कोणाला मिळणार, टँकर कोणत्या गावांना जाणार हे कोणी सांगितलं? तलाठी आणि ग्रामसेवक यांच्या खालोखाल रेडिओने. माझ्या तालुक्यातल्या एकामागून एक म्हाताऱ्या बाया सांगतात की पाझर तलावाचं काम सुरू झाल्याची बातमी रेडिओवर आली आणि दुसऱ्या दिवशी त्या टोपलं-फावडं घेऊन निघाल्या. हे खरं असेल तर त्या बातमीपत्रात काय शब्द होते? गावाचं नाव होतं की नुसता जिल्ह्याचा आकडा? बातमी आधी आली की काम आधी सुरू झालं? मी या बायांच्या आठवणीवर अविश्वास दाखवत नाही. पण आठवणीशेजारी ठेवायला तारखेचा एक कागद मिळाला तर त्यांचं म्हणणं जास्त बळकट होईल, की नाही?

त्याच वर्षांतला मुंबईतला महागाईविरोधी लढा पाहा. मृणाल गोरे, अहिल्या रांगणेकर आणि त्यांच्या बरोबरीच्या बायकांनी लाटणी घेऊन मोर्चे काढले. वर्तमानपत्रांत त्याची छायाचित्रं आहेत. पण हे मोर्चे खेड्यातल्या बायकांच्या कानावर गेले का, कोणत्या स्वरात गेले, की ‘मुंबईत आज एक मोर्चा काढण्यात आला’ एवढ्यावर आटपलं? १९७४च्या मे महिन्यातला रेल्वे संपही तसाच. मनमाड, भुसावळ, दौंड ही सगळी रेल्वेवर जगणारी गावं. कामावर हजर झालेल्यांचे आकडे तिथल्या घरांत रोज बातम्यांतून ऐकू येत असताना संपकरी माणसाच्या मनात काय चाललं असेल? ते आकडे मला पाहायचे आहेत. खरे होते की फुगवलेले, हा पुढचा प्रश्न.

एक कबूल करायला हवं. त्या काळच्या प्रादेशिक बातम्या बऱ्याचदा कंटाळवाण्या होत्या. मुख्यमंत्री अमुक ठिकाणी म्हणाले, पाटबंधारे मंत्र्यांनी तमुक ठिकाणी कोनशिला बसवली, पालकमंत्र्यांनी आढावा घेतला. आमच्या घरी वडील पहिल्या दोन मिनिटांत दाढीचं पाणी बदलून यायचे, कारण खरी बातमी मंत्रिमंडळ संपल्यावर सुरू होते असं त्यांचं मत होतं. रंगत असायची ती न्यूजरीलमध्ये आणि जिल्हा वार्तापत्रात. तिथे माणसं बोलताना ऐकू यायची, मागे बैलगाडीचा आवाज यायचा. तरी मी कंटाळवाणी बातमीपत्रंच मागते आहे. कोणत्या जिल्ह्याचं नाव वर्षभर आलंच नाही, हे शोधायला ती रटाळ पानंच लागतात.

आणीबाणीबद्दल मात्र थोडं सविस्तर लिहावं लागेल.

२५ जून १९७५च्या रात्री आणीबाणी जाहीर झाली आणि दुसऱ्या दिवशी सकाळी देशाला ती पंतप्रधानांच्या तोंडून रेडिओवरच कळली. वर्तमानपत्रांवर पूर्वनियंत्रण आलं. काही पत्रांनी अग्रलेखाची जागा कोरी सोडली. ती कोरी जागा आज पुरावा म्हणून ग्रंथालयात पाहायला मिळते. विद्यार्थ्यांना दाखवता येते. रेडिओला अशी सोय नव्हती. दहा मिनिटांच्या बातमीपत्रात दोन मिनिटं गप्प बसता येत नाही. जे काढलं त्याच्या जागी दुसरं काही भरावंच लागतं आणि ऐकणाऱ्याला सांधा कळत नाही. म्हणून रेडिओवर काय गाळलं गेलं, याचा पुरावा प्रसारणात सापडणारच नाही. तो असेल तर त्या फायलींतच असेल: खोडलेल्या ओळींत, काढून ठेवलेल्या पानांवर, वरून आलेल्या सूचनांच्या टिपणांत.

दिल्लीच्या पातळीवर प्रसारमाध्यमांचा कसा वापर झाला हे ऑगस्ट १९७७च्या श्वेतपत्रिकेत आलं, आणीबाणीतल्या गैरप्रकारांची चौकशी करणाऱ्या शहा आयोगाच्या अहवालात आलं. वर्गीज समितीने १९७८मध्ये आकाशवाणी-दूरदर्शनच्या स्वायत्ततेची शिफारस केली ती याच पार्श्वभूमीवर. पण ही सगळी चर्चा दिल्लीच्या वृत्तकक्षाभोवती फिरते. मुंबई, पुणे, नागपूरच्या वृत्तविभागांत त्या जवळजवळ एकवीस महिन्यांत काय घडलं, यावर मला कोणत्याही अहवालात समाधानकारक उत्तर सापडलेलं नाही. खरं तर महाराष्ट्रापुरते प्रश्न फार नेमके आहेत. डिसेंबर १९७५मध्ये कऱ्हाडच्या साहित्य संमेलनात अध्यक्ष दुर्गाबाई भागवतांनी, स्वागताध्यक्ष यशवंतराव चव्हाण व्यासपीठावर असताना, आजारी जयप्रकाश नारायणांसाठी प्रार्थना करायला लावली. त्या संध्याकाळच्या प्रादेशिक बातम्यांत संमेलनाची बातमी कशी होती? १९७६मध्ये विधिमंडळाने तीन अपत्यांनंतर सक्तीच्या नसबंदीचं विधेयक संमत केलं. राष्ट्रपतींची संमती मिळाली नाही म्हणून ते अमलात आलं नाही, हे खरं. पण विधेयक संमत झाल्याचं ऐकून खेड्यापाड्यांत जी धास्ती पसरली, तिचं मूळ बातमीच्या शब्दांत किती आणि अफवेत किती? इंदिरा गांधींच्या वीस कलमी कार्यक्रमाच्या उद्दिष्टपूर्तीचे जिल्हावार आकडे रोज वाचले जात, तेव्हा ते कोण पुरवत होतं आणि ते तपासून पाहण्याची मुभा संपादकाला होती का?

हे विचारण्यामागे कोणा जुन्या कर्मचाऱ्याला आरोपीच्या पिंजऱ्यात उभं करायचं नाही. ज्यांच्याशी बोलले त्यांच्यापैकी काहींनी खेदाने सांगितलं, काहींनी हसत सांगितलं की नोकरी होती, घर होतं, मुलं शाळेत होती. एकाने तर असंही सांगितलं की एखादी बातमी गाळायचा आदेश आला की तिच्या जागी मुद्दाम इतकी फालतू बातमी घालायची, की जाणत्या श्रोत्याला काहीतरी गडबड आहे असा वास यावा. ही गोष्ट खरी असेल, कदाचित उतारवयात रंगवलेलीही असेल. फाइल पाहिली तर लगेच कळेल.

मार्च १९७७च्या निकालांच्या रात्री माणसं रेडिओला कान लावून बसली होती. आकाशवाणी काय सांगते आणि बीबीसीची हिंदी सेवा काय सांगते, हे आलटून पालटून ऐकणारी घरं आमच्याच आळीत होती. त्यानंतरच्या काही महिन्यांत प्रादेशिक बातम्यांचा सूर बदलल्याचं अनेकांना आठवतं. विरोधी पक्षाच्या पुढाऱ्यांची नावं ऐकू येऊ लागली. १९७७-७८मध्ये राज्य सरकारी कर्मचाऱ्यांचा ५४ दिवसांचा संप झाला, त्याच्या बातम्यांत दोन्ही बाजू येत होत्या असं माझी आठवण सांगते. पण माझ्या आठवणीला शोधनिबंधात तळटीप देता येत नाही.

नामांतराचा प्रश्न तर अजून जिवंत आहे. २७ जुलै १९७८ रोजी विधिमंडळाने मराठवाडा विद्यापीठाला डॉ. बाबासाहेब आंबेडकरांचं नाव देण्याचा ठराव केला आणि मराठवाड्यात दलित वस्त्यांवर हल्ले सुरू झाले. नाव प्रत्यक्षात बदललं ते १४ जानेवारी १९९४ला, आणि तेही नामविस्ताराच्या रूपाने, म्हणजे जुनं नाव ठेवून त्याला जोडून. जुलै-ऑगस्ट १९७८मधल्या स्थानिक वर्तमानपत्रांच्या भूमिकेवर पुष्कळ लिहिलं गेलं आहे. रेडिओवर कोणीच लिहिलेलं नाही, कारण लिहायला हाताशी काही नाही. घरं जळालेल्या गावांची नावं बातम्यांत आली का? किती दिवसांनी आली? कोणावर हल्ला झाला ते स्पष्ट सांगितलं, की ‘काही ठिकाणी अनुचित प्रकार’ एवढंच? त्या आठवड्यांत गाव सोडून पळालेली कुटुंबं दुसऱ्याच्या ओसरीवर बसून रेडिओ ऐकत होती. त्यांच्या नातवंडांपैकी काही जण आज संशोधन करतात. त्यांनी विचारलं तर आकाशवाणी त्यांना काय देणार आहे?

(जुलै १९७९मधली स्कायलॅबची बातमी मला गंमत म्हणून पाहायची आहे. अमेरिकेची अंतराळप्रयोगशाळा आपल्याच शेतात कोसळणार, या भीतीने माणसं हवालदिल झाली होती. ती ११ जुलैला हिंदी महासागरात आणि ऑस्ट्रेलियाच्या पश्चिम भागात पडली. लोकांना धीर द्यायचा आणि भीतीही वाढवायची नाही, ही कसरत मराठीत कोणी कशी केली, हे वाचण्यासारखं असणार.)

तुम्ही म्हणाल, रेडिओचं सगळंच कुठे जपणार? पण जपलेलं आहे की. आकाशवाणीच्या संग्रहात गांधीजींची आणि नेहरूंची भाषणं आहेत, थोर गायकांच्या मैफली आहेत, त्यांच्या सीडी तुम्ही विकल्या. महाराष्ट्रातलं एक उदाहरण तर आणखी बोलकं आहे. १९५६मध्ये पुणे केंद्राने युनेस्कोच्या मदतीने पाच जिल्ह्यांतल्या सुमारे दीडशे गावांत रेडिओ ग्रामीण मंच चालवले. गावकरी एकत्र बसून कार्यक्रम ऐकत, चर्चा करत आणि प्रश्न केंद्राला लिहून कळवत. त्या प्रयोगाचं मूल्यमापन झालं, अहवाल छापला गेला, आणि आजही जगभरचे संज्ञापनाचे विद्यार्थी तो वाचतात. एका हंगामाचा प्रयोग टिकला, कारण कोणीतरी त्याचे कागद नीट ठेवले. अख्ख्या दशकाच्या रोजच्या बातम्या तशा कोणी ठेवल्या असतील की नाही, हे मात्र विचारत फिरावं लागतं.

कायद्याचंही सांगते, जरी असल्या कामाला कायदा दाखवावा लागू नये. सत्तरच्या दशकात आकाशवाणी हे भारत सरकारचं खातं होतं. प्रसार भारती कायदा १९९०चा आणि तो लागू झाला सप्टेंबर १९९७मध्ये. म्हणजे त्या फायली सरकारी अभिलेख होत्या. सार्वजनिक अभिलेख कायदा, १९९३ केंद्र सरकारच्या कार्यालयांना आणि केंद्राच्या पैशावर चालणाऱ्या वैधानिक संस्थांना लागू आहे. त्यानुसार अभिलेख अधिकारी नेमायचा असतो, कोणते कागद किती काळ ठेवायचे याचं वेळापत्रक राष्ट्रीय अभिलेखागाराशी सल्लामसलत करून ठरवायचं असतं, आणि ठरलेल्या पद्धतीवाचून काही नष्ट करता येत नाही. त्याआधीही दूरदर्शन १ एप्रिल १९७६ला आकाशवाणीपासून वेगळं झालं तेव्हा कार्यालयांची वाटणी झाली होती. त्या वाटणीत काही दप्तर इकडचं तिकडे गेलं का, हेही कोणी तरी पाहायला हवं. नष्ट केलं असेल तर नष्ट केल्याची नोंद असली पाहिजे. तीही मला चालेल. ‘अमुक साली अमुक फायली निकालात काढल्या’ असं लेखी कळलं तरी माझ्यासारखे लोक शोधणं थांबवतील.

घाई का, तेही सांगते. जून २०२३मध्ये पुण्याचा प्रादेशिक वृत्तविभाग बंद करून तिथलं बातमीपत्र दुसरीकडून देण्याचा निर्णय झाला होता. लोकांनी आवाज उठवला आणि त्याला स्थगिती मिळाली. त्या वेळी सगळी चर्चा पुढच्या बातम्या कुठून येणार याची झाली, आणि ते बरोबरच होतं. पण मला त्या आठवड्यात झोप लागली नाही ती कपाटांच्या काळजीने. विभाग हलतो तेव्हा माणसांच्या बदल्यांचे आदेश निघतात, यंत्रांची यादी होते आणि कागद रद्दीवाल्याला जातात. शिवाय तो कागदही फार दिवस थांबणारा नाही. टेलिप्रिंटरचा कागद हलका असतो, कार्बन प्रतींवरची अक्षरं फिकी होतात, टाचण्या गंजून पानं खातात, आणि मुंबई-रत्नागिरीची हवा तुम्हाला माहीतच आहे. काही न्यूजरीलच्या टेप उरल्या असतील तर त्यांचीही तीच गत. जुन्या टेपचा थर चिकट होतो, आणि ज्या यंत्रांवर त्या वाजवायच्या ती दुरुस्त करणारे अभियंते निवृत्त होऊन गेले.

तेव्हा मागणं असं. प्रत्येक वृत्तविभागाने आपल्याकडे १९८०पूर्वीचं काय आहे ते कपाटं उघडून पाहावं आणि यादी जाहीर करावी. ती होईपर्यंत एकही गठ्ठा हलवू नये. जे सापडेल त्याचे स्कॅन तारखेनिशी लोकांना पाहता यावेत, आणि त्यात आणीबाणीच्या फायली वेगळ्या काढून कुलपात ठेवू नयेत. इतक्या वर्षांनंतर त्यांतलं काय गुपित उरलं असेल? हस्ताक्षरातली मराठी यंत्राला अजून नीट वाचता येत नाही, ती माणसांनीच टाइप करावी लागेल. त्या कामाला पैसे नसतील तर माणसं आम्ही देऊ. इतिहासाचे आणि पत्रकारितेचे विद्यार्थी आहेत, आणि माझ्यासारखे रिकामटेकडे निवृत्तही पुष्कळ आहेत.

निवृत्त निवेदक, संपादक आणि जिल्ह्याजिल्ह्यांतले जुने अंशकालीन वार्ताहर यांनाही तुमच्या नावाने एक जाहीर आवाहन जावं. पाठवलेल्या तारांच्या प्रती, मानधनाच्या पावत्या, घरी आणलेली बातमीपत्रं त्यांच्यापैकी कोणाच्या ना कोणाच्या माळ्यावर नक्की आहेत. मी विचारलं तर ते संकोचतात, सरकारी कागद घरी ठेवला म्हणून आपल्यावरच काही येईल की काय, असं त्यांना वाटतं. तुम्ही अभय दिलंत तर ते पिशव्या भरून आणून देतील. यांपैकी बरेच जण ऐंशी ओलांडलेले आहेत. हे आवाहन प्रादेशिक बातम्यांच्या शेवटी वाचलं जावं असं मला वाटतं. ती मंडळी अजूनही त्याच वेळेला रेडिओ लावतात.

यादी कच्ची असली, पेन्सिलने केलेली असली तरी चालेल. उत्तर टपालाने पाठवलंत तर जास्त बरं. हे पत्र पोस्टानेही तुमच्याकडे रवाना केलं आहे, माझा पत्ता त्यावर आहे.

कळावे, लोभ असावा.

आपली,
इतिहासाची एक निवृत्त शिक्षिका आणि १५ रुपयांच्या लायसन्सपासूनची श्रोता